दहावीच्या एका पाठातून आपोआप प्रश्न: ऑन्टॉलॉजीची पहिली ओळख

बहुपर्यायी प्रश्न काढताना शिक्षकाचा बराचसा वेळ पर्याय शोधण्यात जातो. बरोबर उत्तर पुस्तकात असतंच. पण आणखी तीन पर्याय असे हवेत की अर्धवट वाचलेल्या मुलाला ते पटावेत, तरी ते नक्की चुकीचे असावेत आणि मागच्या चाचणीतून उचललेले नसावेत. पाठातल्या संकल्पना आणि त्यांच्यातले संबंध संगणकाला वापरता येतील अशा रीतीने एकदा मांडून ठेवले, तर हे काम तो आपल्यासाठी करू शकतो. या मांडणीलाच ऑन्टॉलॉजी म्हणतात.

हा लेख शिक्षकांसाठी, बी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि ई-लर्निंगच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २ मधला प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाठ घेतला आहे. तो मुद्दाम निवडला, कारण त्यात संघ, उपसंघ, वर्ग अशी उतरंड आयती मिळते आणि अपवादही भरपूर आहेत. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत असेल तर सगळ्या पायऱ्या स्वतः करता येतील. येत नसेल तर पहिल्या पाच पायऱ्या करा आणि पुढच्या कामासाठी शाळेतल्या संगणक शिक्षकांना सोबत घ्या. खरं विषयज्ञान त्या पाच पायऱ्यांतच लागतं.

पायरी १: आधी हवे असलेले प्रश्न लिहा

सुरुवात एकाच पाठापासून करा. अख्ख्या विषयाची ऑन्टॉलॉजी करायला घेतली की संकल्पनांची यादी वाढत जाते आणि प्रश्न मात्र एकही तयार होत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका समोर घ्या आणि या पाठावर तुम्हाला कोणकोणत्या तऱ्हेचे प्रश्न हवे आहेत ते कागदावर लिहा. अमुक प्राणी कोणत्या वर्गात मोडतो, अमुक वर्गाच्या प्राण्यांचं हृदय किती कप्प्यांचं असतं, वेगळा घटक ओळखा, मी कोण, शास्त्रीय कारणे लिहा. मग प्रत्येक प्रश्नासाठी कोणती माहिती लागेल ते शेजारी नोंदवा. ऑन्टॉलॉजीत तेवढंच घालायचं. ज्या माहितीवर एकही प्रश्न निघणार नाही ती कितीही रंजक असली तरी तूर्त बाहेर ठेवा.

पायरी २: साधा तक्ता

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये एक तक्ता करा. एका ओळीत एक प्राणी. रकाने असे: संघ, वर्ग, अधिवास, त्वचेवरचं आवरण, श्वसनाचा अवयव, हृदयाचे कप्पे, शीतरक्ती की उष्णरक्ती, अंडी की पिल्लं.

तीस-चाळीस प्राणी पुरतात, मात्र ते विचारपूर्वक निवडा. गाय, कावळा, बेडूक हवेतच. त्यांच्या जोडीला दिसण्यावरून, राहण्यावरून किंवा नावावरून दिशाभूल करणारे प्राणीही घ्या: देवमासा, वटवाघूळ, समुद्रघोडा, तारामासा, जेलीफिश, पेंग्विन, शहामृग, मगर, घोणस, प्लॅटिपस. चांगले प्रश्न याच प्राण्यांवर निघतात. तारामासा कंटकचर्मी आहे, समुद्रघोडा खराखुरा मासा आहे आणि देवमासा सस्तन आहे. नुसत्या नावावर विसंबणारा मुलगा या तिघांत हमखास अडखळतो.

शब्द एकाच पद्धतीने लिहा. एका ओळीत ‘सस्तन’ आणि दुसरीत ‘सस्तनी’ लिहिलंत तर संगणक ते दोन वेगळे वर्ग समजेल आणि पुढे दोन्ही एकाच प्रश्नाचे पर्याय म्हणून समोर येतील.

पायरी ३: तक्ता प्रोटेजेमध्ये

प्रोटेजे हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ऑन्टॉलॉजी ‘आउल’ या भाषेत साठवली जाते. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ही भाषा २००४ मध्ये प्रमाणित केली आणि २००९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. ही भाषा शिकत बसायची गरज नाही, प्रोटेजेच्या खिडक्यांमधून सगळं करता येतं.

यात तीन गोष्टी समजून घ्या. क्लास म्हणजे गट: समपृष्ठरज्जू, पृष्ठवंशीय, सस्तन. हे गट एकाखाली एक बसवायचे. इंडिव्हिज्युअल म्हणजे गटाचा सदस्य: देवमासा, पाल. प्रॉपर्टी म्हणजे संबंध किंवा गुणधर्म: अधिवास, हृदयाचे कप्पे. देवमासा हा स्वतःच एक गट आहे, त्याला सदस्य कसं म्हणता, असा आक्षेप तज्ज्ञ घेतात आणि तो बरोबर आहे. तरी पहिल्या प्रयत्नात प्राण्यांना सदस्यच माना. प्रश्न काढणं त्यामुळे फार सोपं होतं.

प्रत्येक गोष्टीचं आतलं नाव रोमन लिपीत ठेवा आणि मराठी नाव लेबलमध्ये लिहून त्याला मराठीचं भाषाचिन्ह जोडा. पुढे सेमी-इंग्रजीच्या वर्गासाठी त्याच ऑन्टॉलॉजीला इंग्रजी लेबलं जोडता येतील.

पायरी ४: काय नाही, तेही सांगा

या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. नवखे लोक नेमकी हीच वगळतात.

‘आउल’मध्ये जे लिहिलेलं नाही ते खोटं मानलं जात नाही, फक्त अज्ञात मानलं जातं. तुम्ही देवमासा सस्तन आहे एवढंच लिहिलंत तर तो मत्स्य नाही हे संगणकाला कळत नाही. तुम्ही सांगितलं नाही, म्हणजे तो दोन्ही असू शकेल, असं तो धरून चालतो. बरोबर उत्तरासाठी याने काही बिघडत नाही. पर्यायांसाठी मात्र सगळंच बिघडतं, कारण चुकीचा पर्याय चुकीचा आहे याची खात्रीच उरत नाही.

म्हणून तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, चक्रमुखी, मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन हे सहाही वर्ग परस्परांपासून वेगळे आहेत, एकाचा सदस्य दुसऱ्यात असू शकत नाही, असं घोषित करा. प्रोटेजेत यासाठी ‘डिसजॉइंट’ हा पर्याय आहे. संघांसाठीही हेच करा. दुसरी, ज्या गुणधर्माला एकच किंमत असू शकते त्याला ‘फंक्शनल’ अशी खूण करा. हृदयाचे कप्पे तसे आहेत. अधिवास तसा नाही: बेडूक पाण्यातही असतो आणि जमिनीवरही. तिसरी, सगळे प्राणी एकमेकांपासून भिन्न आहेत हेही नोंदवा, कारण दोन नावं एकाच गोष्टीची असू शकतात असं ही भाषा मानते.

यानंतर नियम सोपा होतो. एखादा पर्याय या घोषणांमधून खोटा ठरत असेल तरच तो चुकीचा पर्याय म्हणून वापरायचा. नुसतं ‘तक्त्यात ही नोंद नाही’ एवढ्यावर कुठलाही पर्याय चुकीचा ठरवायचा नाही. तक्त्यातला एखादा रकाना रिकामा राहिला असेल, तर या नियमामुळे तो प्राणी त्या प्रश्नातून आपसूक बाहेर पडतो आणि मुलाचं बरोबर उत्तर चूक ठरण्याची वेळ येत नाही.

एक सावधगिरी. आजच्या उत्क्रांतिशास्त्रात पक्ष्यांना सरीसृपांच्याच वंशावळीत बसवतात. त्या हिशोबाने पक्षी आणि सरीसृप परस्परांपासून वेगळे म्हणता येणार नाहीत. दहावीच्या पुस्तकात मात्र ते दोन स्वतंत्र वर्ग आहेत. आपण पाठाची ऑन्टॉलॉजी करत आहोत, तेव्हा पुस्तकाची चौकट धरा आणि ती धरली आहे याची नोंद ऑन्टॉलॉजीतच टीप म्हणून ठेवा. ही फाइल उद्या कुणी अकरावीसाठी वापरायला घेतली तर त्याला ती टीप लागेल.

पायरी ५: रीझनर चालवा आणि अपवादांशी भिडा

आता वर्गाचे गुणधर्म वर्गालाच जोडा. सस्तन वर्गातल्या प्रत्येकाच्या हृदयाला ४ कप्पे असतात असं एकदा लिहिलं की गाय, देवमासा, वटवाघूळ यांच्यासाठी ते वेगळं लिहावं लागत नाही. प्रोटेजेसोबत येणारा हर्मिट हा रीझनर, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून तर्क करणारा प्रोग्राम, ते निष्कर्ष स्वतः काढतो.

हाच हर्मिट तुमच्या पाठातल्या सोयीच्या सरसकट विधानांना थांबवतो. सरीसृपांच्या हृदयाला ३ कप्पे असतात असं वर्गाला जोडा, मगरीच्या हृदयाला ४ कप्पे असतात असं मगरीला जोडा आणि रीझनर चालवा. ऑन्टॉलॉजी विसंगत आहे असं तो सांगेल आणि कोणकोणत्या विधानांमुळे विसंगती आली ते दाखवेल. ‘आउल’मध्ये ‘बहुतेक’ किंवा ‘सामान्यतः’ असं म्हणायची सोय नाही. विधान सगळ्यांना लागू असतं, नाहीतर ते लिहायचं नसतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, विधान एक पायरी खाली न्या: सरीसृपांत मगरींचा उपगट वेगळा करा आणि कप्प्यांची संख्या उपगटांना जोडा. दुसरा, ‘सामान्यतः’ खरी असलेली विधानं तर्काच्या कक्षेबाहेर, नुसती टीप म्हणून ठेवा. त्यांच्यावर प्रश्न काढायचा झाला तर प्रश्नात ‘सामान्यतः’ हा शब्द आलाच पाहिजे.

‘सरीसृप अंडी घालतात’ हे असंच एक विधान. नाग अंडी घालतो, घोणस थेट पिल्लांना जन्म देते. सस्तनांचं उलटं आहे: प्लॅटिपस अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो. अशा वर्गात प्रजननाची पद्धत प्राण्यालाच जोडा, वर्गाला जोडू नका.

अपवाद सापडला की मला आनंदच होतो, कारण त्यातून परीक्षेतला सर्वोत्तम प्रश्न मिळतो. संगणकाला इतकंच विचारा: असा कोणता प्राणी आहे, ज्याचा एखादा गुणधर्म त्याच्या वर्गातल्या बहुसंख्य प्राण्यांशी जुळत नाही आणि दुसऱ्या वर्गातल्या बहुसंख्यांशी जुळतो? उत्तरात देवमासा येतो, वटवाघूळ येतं, प्लॅटिपस येतो. त्यातून ‘देवमासा पाण्यात राहत असूनही त्याचा समावेश सस्तन वर्गात होतो’ हे शास्त्रीय कारण तयार होतं. फुप्फुसांनी श्वसन, स्तनग्रंथी, उष्णरक्ती शरीर हे उत्तरातले मुद्देही ऑन्टॉलॉजीतच असल्याने गुणदानाचा तक्ता सोबत मिळतो.

पायरी ६: मराठीत चालणारे साचे

ऑन्टॉलॉजीतून प्रश्न काढण्याच्या पद्धती नव्या नाहीत. २००८ मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी गट, गुणधर्म आणि संज्ञा यांच्यावर आधारलेल्या साच्यांची मांडणी केली होती. आयआयटी मद्रासमध्येही या विषयावर काम झालं आहे. पण इंग्रजीत रिकामी जागा ठेवून तिथे शब्द टाकला की काम भागतं. मराठीत तसं होत नाही.

समजा साचा आहे ‘अमुक कोणत्या वर्गात मोडतो?’ देवमासा टाकला तर ठीक. पाल टाकली की ‘मोडते’ हवं. ‘अमुकच्या हृदयात किती कप्पे असतात?’ यात देवमासा टाकला की ‘देवमासाच्या’ होतं, हवं असतं ‘देवमाशाच्या’. प्रत्येक नावाचं लिंग आणि सामान्यरूप ऑन्टॉलॉजीत नोंदवून ठेवणं हा एक मार्ग आहे. मोठ्या कामात तो घ्यावाच लागतो.

सुरुवातीला मात्र साचाच असा लिहा की नावाला हात लावावा लागणार नाही:

‘पाल’ हा प्राणी कोणत्या वर्गात मोडतो?
‘देवमासा’ या प्राण्याच्या हृदयात किती कप्पे असतात?
पुढीलपैकी कोणता प्राणी सरीसृप वर्गात मोडतो?

क्रियापद ‘प्राणी’ या शब्दाशी जुळतं आणि विभक्तीही त्यालाच लागते. नाव अवतरणात जसंच्या तसं राहतं. वाक्य किंचित औपचारिक होतं, पण प्रश्नपत्रिकेत ते खटकत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. ‘कोणती’ असं विचारून पर्यायांत एकच स्त्रीलिंगी नाव ठेवलं तर उत्तर व्याकरणानेच फुटतं. ‘कोणता प्राणी’ म्हटलं की ती फट बुजते.

‘मी कोण?’ या प्रकारात दोन-तीन गुणधर्म देऊन प्राणी ओळखायला सांगतात. तिथे ते गुणधर्म दिलेल्या पर्यायांपैकी फक्त एकाच प्राण्याला लागू पडतात ना, हे संगणकाकडून तपासून घ्या. ‘वेगळा घटक ओळखा’ याहून अवघड आहे. कावळा, पोपट, वटवाघूळ, शहामृग असा गट केला तर तुमच्या मनात वटवाघूळ असतं, कारण ते सस्तन आहे. एखादा हुशार मुलगा शहामृग लिहील, कारण त्याला उडता येत नाही, आणि त्याचं उत्तर चूक म्हणता येणार नाही. म्हणून प्रत्येक गुणधर्म घेऊन चार पर्यायांत आणखी कुणी एकटा पडतो का ते तपासा. पडत असेल तर तो गट टाकून द्या, किंवा ‘वर्गीकरणाच्या दृष्टीने वेगळा घटक’ असा निकष प्रश्नातच लिहा.

पायरी ७: माहिती बाहेर काढा

पायथनमध्ये ‘आउलरेडी२’ ही लायब्ररी ऑन्टॉलॉजी वाचते आणि हर्मिट चालवते. त्यासाठी संगणकावर जावा असावं लागतं. शोधासाठी ‘स्पार्कल’ ही भाषा आहे. एक अडचण सगळ्यांना येते: प्रोटेजेतल्या नेहमीच्या स्पार्कल खिडकीत फक्त तुम्ही लिहिलेली विधानं दिसतात, रीझनरने काढलेले निष्कर्ष दिसत नाहीत. देवमाशाचे कप्पे विचारले की उत्तर रिकामं येतं आणि माणूस गोंधळतो. आधी निष्कर्षांसह ऑन्टॉलॉजी नव्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा आणि शोध तिच्यावर चालवा.

पायरी ८: पर्यायांची जवळीक आणि काठिण्य

पर्याय बरोबर उत्तराच्या जितके जवळचे, तितका प्रश्न अवघड. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ही जवळीक ऑन्टॉलॉजीतून मोजण्याची पद्धत मांडली. आपल्यासाठी सोपं माप पुरेसं आहे: दोन संकल्पनांचे किती गुणधर्म समान आहेत ते मोजा. वटवाघळाच्या प्रश्नात मृदुकाय, वलयी आणि कंटकचर्मी हे पर्याय दिले तर प्रश्न कुणालाही सुटेल. पक्षी, सरीसृप आणि उभयचर दिले की विचार करावा लागेल.

चौथा पर्याय ओढूनताणून आणावा लागत असेल तर आणू नका. २००५ मध्ये ८० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात तीन पर्याय पुरेसे असतात असा निष्कर्ष निघाला. परीक्षेचा नमुनाच चार पर्यायांचा असेल तर अर्थातच चार द्या.

पायरी ९: पाठाचा थर जोडा

इथवर प्राण्यांची ऑन्टॉलॉजी झाली. तिला अभ्यासक्रमाची ऑन्टॉलॉजी करण्यासाठी आणखी तीन संबंध जोडा: ही संकल्पना कोणत्या घटकात शिकवली, तिच्याआधी काय माहीत असायला हवं आणि ती कोणत्या अध्ययन निष्पत्तीशी जोडलेली आहे.

घटक चाचणीत सममितीपर्यंतच शिकवून झालं असेल तर पृष्ठरज्जूवरचा प्रश्न येता कामा नये. न शिकवलेली संज्ञा पर्यायातही येता कामा नये, कारण अनोळखी शब्द मुलं लगेच वगळतात आणि तो पर्याय वाया जातो. हे संबंध असले की संविधान तक्ताही संगणकाकडून भरून घेता येतो: कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, कोणत्या घटकाला किती प्रश्न. तेवढं मात्र लक्षात ठेवा की साच्यातून येणारे बहुतेक प्रश्न ज्ञान आणि आकलन या उद्दिष्टांचे असतात. उपयोजनासाठी शिक्षकाला स्वतः प्रसंग रचावा लागतो.

पायरी १०: मूडलमध्ये आणा

मूडल ही ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवण्याची प्रणाली आहे. तिच्या प्रश्नपेढीत अनेक प्रश्न एकदम आणायला गिफ्ट हा साधा मजकुराचा नमुना सोयीचा आहे. एक प्रश्न असा दिसतो:

‘देवमासा’ हा प्राणी कोणत्या वर्गात मोडतो? {
=सस्तन
~मत्स्य#पाण्यात राहणं हा मत्स्य वर्गाचा पुरेसा निकष नाही. याच्या श्वसनाचा अवयव पाहा.
~उभयचर
~सरीसृप
}

बरोबर उत्तरापुढे बरोबरचं चिन्ह, चुकीच्यापुढे लाटेचं चिन्ह आणि हॅशनंतर त्या पर्यायावरचा अभिप्राय. तो अभिप्रायही ऑन्टॉलॉजीतून भरता येतो: निवडलेल्या वर्गाशी या प्राण्याचा जो गुणधर्म जुळत नाही, त्याकडे बोट दाखवायचं. दोन प्रश्नांमध्ये एक ओळ रिकामी सोडा आणि फाइल युटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हं येतील. मजकुरात महिरपी कंस, बरोबर, हॅश, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब किंवा लाटेचं चिन्ह आलं तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

भाषिक एआयला पाठ देऊन थेट प्रश्न मागण्याचा मार्ग आता सगळ्यांपुढे आहे. भाषा सफाईदार करण्यासाठी तो जरूर वापरा. मात्र उत्तर आणि पर्याय ऑन्टॉलॉजीतूनच येऊ द्या, कारण तिथे प्रत्येक उत्तरामागचं विधान बोट ठेवून दाखवता येतं. एखाद्या पालकाने गुणांबद्दल विचारलं तर शिक्षकाकडे ते विधान असायला हवं.

पायरी ११: शिक्षकाची नजर, मग मुलांचे गुण

तयार झालेला प्रत्येक प्रश्न शिक्षकाने वाचल्याशिवाय परीक्षेत जाऊ नये. चाळीस प्राणी आणि आठ रकाने यांतून शेकडो प्रश्न निघतात आणि त्यातले बरेच एकमेकांची थोडी फिरवलेली रूपं असतात. प्रत्येकाला ‘घ्यावा’, ‘सुधारावा’, ‘टाकावा’ यांपैकी एक शेरा द्या. ‘टाकावा’ म्हटलेल्या प्रश्नांची कारणं साच्याप्रमाणे लावून पाहा. एकाच साच्यातले प्रश्न वारंवार पडत असतील तर साचा दुरुस्त करा, प्रश्न एकेक दुरुस्त करत बसू नका.

चाचणी झाल्यावर बी.एड.ला शिकलेलं प्रश्नविश्लेषण इथे कामाला येतं. प्रत्येक प्रश्नाचं काठिण्यमूल्य काढा, म्हणजे किती टक्के मुलांनी तो बरोबर सोडवला. सर्वाधिक गुण मिळवणारी २७ टक्के आणि सर्वांत कमी गुण मिळवणारी २७ टक्के मुलं घेऊन त्यांच्यातला फरक पाहा, ती भेदनक्षमता. वरच्या गटापेक्षा खालच्या गटाने एखादा प्रश्न जास्त सोडवला असेल, तर आधी ऑन्टॉलॉजीतलं विधान तपासा. बहुतेक वेळा तिथे एखादा अपवाद नोंदवायचा राहून गेलेला असतो. एकाही मुलाने न निवडलेला पर्याय त्या साच्यातून काढून टाका. मोजलेलं काठिण्यमूल्य त्या प्रश्नाला जोडून ठेवा, म्हणजे पुढच्या चाचणीत अंदाजाऐवजी तोच आकडा वापरता येईल. एवढं झालं की सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठाचा तक्ता करायला घ्या.